कष्ट आणि कष्टाचा भाव: कृष्णवर्णीय अमेरिकनांबद्दलची एक जुनी गल्लत

"आम्हीही दोन बॅगा घेऊनच आलो होतो, आमच्यासाठी कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. मग यांनाच काय अडचण आहे?" अमेरिकेतल्या मराठी घरांत कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. पुण्या-ठाण्यात बसून त्याला मान डोलावणारेही पुष्कळ आहेत. ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात दोन वेगळ्या प्रश्नांचा गुंता केलेला असतो. एखाद्या समाजातला कोणता माणूस पुढे जाईल, हा एक प्रश्न. तो सगळा समाज कुठे उभा राहील, हा दुसरा.

स्वतःची सुधारणा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शिक्षण, काटकसर, निर्व्यसनीपणा, वेळ पाळणं; आपण त्यावरच वाढलो. पण कृष्णवर्णीयांना हे बाहेरून कुणी शिकवायला हवं होतं, हा समज सोडून द्या. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्यांना अक्षरओळख करून देणं हा गुन्हा होता. 1870 च्या जनगणनेत त्यांच्यातले जवळपास 80 टक्के लोक निरक्षर होते. 1910 मध्ये हे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर आलं. चाळीस वर्षांत!

आणि याच चाळीस वर्षांत त्यांचे हक्क वाढायच्या ऐवजी हिरावले गेले. लुइझियाना राज्यात 1896 मध्ये 1,30,000 हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1904 मध्ये उरले 1,342. मधल्या काळात, 1898 मध्ये, राज्याने नवी राज्यघटना केली. मतदाराला लिहिता-वाचता यायला हवं किंवा त्याच्याकडे मालमत्ता हवी, अशी अट घातली आणि ज्याचे बाप-आजे 1867 पूर्वी, म्हणजे कृष्णवर्णीयांना मताधिकार नसताना, मतदार होते त्याला त्यातून सूट दिली. म्हणजे निरक्षर गोऱ्याचं मत शाबूत राहिलं आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयाची परीक्षा गोऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर गेली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात कृष्णवर्णीयांच्या ग्रीनवुड वस्तीने तर दुकानं, हॉटेलं, वर्तमानपत्रं, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. 1921 मध्ये गोऱ्या जमावाने तिथले सुमारे 35 ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधले घरा-दुकानांचे चौकोन, जाळले, आणि विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली.

आता लोक खरे अडखळतात ती जागा. वर्णभेदाचा अडथळा म्हटलं की डोळ्यांसमोर भिंत येते. भिंत एक तर असते किंवा नसते. मग ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले की लोक म्हणतात, बघा, भिंत पडली, आता उरला तो आळस. पण हा अडथळा बहुतेक वेळा कपातीसारखा काम करतो. दोन शेतकऱ्यांनी एकाच प्रतीचा कांदा बाजार समितीत आणला आणि एकाच्या पट्टीतून दरवेळी दुप्पट रक्कम कापली गेली, तर त्याला चांगलं बियाणं वापरायचा सल्ला देऊन काय होणार? त्याचा माल आधीच चांगला आहे. काहीजण तरीही श्रीमंत होतील. त्यावरून कपात थांबली असं ठरत नाही.

हे मोजूनही पाहिलेलं आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे 5,000 बनावट अर्ज पाठवले गेले. काहींवर एमिली, ग्रेग अशी नावं होती, काहींवर लकीशा, जमाल अशी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 50 टक्के जास्त बोलावणी आली. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि तोच कुणी सांगत नाही. अर्जातला अनुभव आणि कौशल्यं वाढवल्यावर गोऱ्या नावांची बोलावणी जवळपास 30 टक्क्यांनी वाढली. कृष्णवर्णीय नावांची वाढ त्यापेक्षा खूपच कमी होती. सुधारणा दोघांनी सारखीच केली, तिचा मोबदला मात्र सारखा मिळाला नाही. मिलवॉकीतल्या 2003 च्या अभ्यासात तुरुंगवास भोगल्याचं सांगणाऱ्या गोऱ्या उमेदवारांपैकी 17 टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, आणि कसलाही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी 14 टक्क्यांना.

घराच्या बाबतीत ही कपात पिढ्यान् पिढ्या चक्रवाढीने वाढते. 1934 पासून अमेरिकेच्या सरकारने गृहकर्जांना हमी दिली, पण कृष्णवर्णीय वस्त्या त्यातून वगळल्या. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीही कर्जयोजना होती. 1947 मध्ये मिसिसिपीतल्या 13 शहरांची पाहणी झाली, तेव्हा त्या योजनेतल्या 3,000 हून अधिक कर्जांपैकी 2 कृष्णवर्णीयांना मिळाली होती. ज्यांना तेव्हा घर मिळालं त्यांच्या नातवंडांच्या कॉलेजच्या फीला ते घर उपयोगी पडलं. 2022 च्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, पाहणीत मालमत्तेच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता 2,85,000 डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. एवढी दरी महिन्याच्या काटकसरीने भरत नाही.

मग आपल्या दोन बॅगांचं काय? 1965 च्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचं दार उघडलं, आणि त्यातून सुरुवातीला गेलेले भारतीय मुख्यतः डॉक्टर-इंजिनिअरांसारखे शिकलेले होते. आपली निवड दारातच झाली होती. शिवाय तो कायदा ज्या वातावरणात मंजूर झाला ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलं होतं. तिचा मोठा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. तिचे उपकार विसरून तिच्याच लोकांना उपदेश करणं मला सहन होत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 मध्ये बडोद्याला आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळेना, हे आपल्याला पाठ आहे. त्यांच्या अभ्यासात काही कमी होतं, असं आपल्यातलं कुणी म्हणेल का?

शंभर वर्षांपूर्वीच्या दोन कृष्णवर्णीय नेत्यांपैकी बुकर टी. वॉशिंग्टन म्हणजे स्वावलंबन आणि डू बॉइस म्हणजे हक्क, ही पुस्तकी विभागणीही फार ताणू नका. वॉशिंग्टन जाहीर भाषणांत कष्टाचा मंत्र देत होते आणि मताधिकाराच्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवत होते.

गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये बचत कशी करावी याचे वर्ग भरवले जातात. वर्ग वाईट नाहीत, पण त्यांना वर्णभेदावरचा इलाज म्हणू नये. इलिनॉय राज्यातल्या एव्हन्स्टन गावाने 2021 मध्ये काय केलं ते पाहा. गांजाच्या विक्रीवरच्या करातून कृष्णवर्णीय रहिवाशांना प्रत्येकी 25,000 डॉलर, घर घ्यायला, दुरुस्त करायला किंवा गृहकर्ज फेडायला. अर्जदार बचत करतो का, किती शिकलाय, हे पात्रतेत विचारलं नाही. विचारलं ते हे: 1919 ते 1969 या काळात, जेव्हा गावात घरांच्या बाबतीत वर्णभेद चालत होता, तेव्हा तुम्ही किंवा तुमचे आईवडील, आजीआजोबा इथे राहत होता का?