न बसणाऱ्या गाळाचा कण लेझरने मोजताना

मराठवाड्यात ओढ्यांना नवं पाणी आलं की ते गढूळ असतंच. घागरीत भरून ठेवलं तर वाळू मिनिटभरात तळाला जाते, जाडसर गाळ तासा-दोन तासांत बसतो. वरचं पाणी मात्र दोन दिवसांनीही निवळत नाही, तुरटी फिरवावीच लागते. हा गढूळपणा काळ्या मातीतल्या चिकणमातीचा. 2 मायक्रोमीटरचा कण 10 सेंटीमीटर खाली यायला सात-आठ तास घेतो. 200 नॅनोमीटरच्या, म्हणजे दहापट लहान, कणाला त्याच्या शंभरपट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ महिना.

इतका बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकात नीट मोजता येत नाही. त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश मात्र मोजता येतो. पाण्यातून लाल लेझर (633 नॅनोमीटर) सोडायचा आणि 90 अंशांच्या कोनात संवेदक ठेवायचा. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात कण सतत हलतात, त्यामुळे संवेदकावरचा प्रकाश कमी-जास्त होत राहतो. लहान कण असेल तर हा चढउतार झपाट्याने होतो, मोठा असेल तर संथ. 25 अंश सेल्सिअसला 100 नॅनोमीटरच्या कणासाठी आत्ताच्या आणि नंतरच्या प्रकाशातला संबंध साधारण अर्ध्या मिलिसेकंदात विरतो. त्यावरून विसरणाचा (धक्के खात पसरण्याचा) वेग मिळतो, आणि आइन्स्टाइनने 1905 साली मांडलेल्या सूत्राने त्या वेगावरून कणाचा व्यास.

म्हणजे यंत्र मोजतं ती हालचाल. आकार हिशोबातून येतो. त्या हिशोबात तापमान आणि पाण्याची श्यानता (दाटपणा) चुकली की आकारही चुकला. मे महिन्यात टेबलावरचा नमुना सहज 40 अंशांचा असतो. यंत्र 25 अंश धरून चाललं, तर 100 नॅनोमीटरचा कण 70 चा दिसेल, कारण गरम पाणी पातळ असतं आणि कण त्यात जोरात पळतो. नमुना यंत्रात ठेवल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं ते यासाठीच. घाई केली तर नमुन्याच्या नळीत गरम-गार पाण्याचे प्रवाह फिरतात आणि आकडा आणखी बिघडतो.

धुळीचा त्रास याहून मोठा. अगदी लहान कणांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. 10 नॅनोमीटरचे दहा लाख कण मिळून जेवढा प्रकाश विखुरतात, तेवढा 100 नॅनोमीटरचा एकच कण विखुरतो. म्हणून नमुना पातळ करायचं पाणी आधी 0.2 मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून घ्यावं. मातीचा नमुना मात्र त्या फिल्टरमधून गाळू नये. जे मोजायचं तेच अडकून बसेल. नळी वरच्या कडेला धरावी, बोटाचा ठसा किरणाच्या वाटेत यायला नको.

पातळ करायला बोअरचं पाणी कधीच वापरू नये. बेसॉल्टमधून आलेल्या त्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. कॅल्शियम तो प्रभार झाकतं आणि गुठळ्या बांधल्या जातात. तुरटीतलं ॲल्युमिनियम रांजणात हेच अधिक जोरात करतं. मोजणीत ते नको असल्याने माती रात्रभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट या गुठळ्या सोडवणाऱ्या रसायनाच्या 5 टक्के द्रावणात भिजवतात, चांगली ढवळतात, आठ तास स्थिर ठेवतात आणि वरच्या 10 सेंटीमीटरमधलं पाणी पिपेटने अलगद काढतात. मग ऊर्ध्वपातित पाण्याने इतकं पातळ करायचं, की नळीपलीकडचं छापील अक्षर स्वच्छ वाचता यावं.

दाट नमुन्यात एका कणावरून निघालेला प्रकाश दुसऱ्यावर आदळतो, चढउतार उगाच जलद होतो आणि कण लहान भासतो. नमुना निम्मा पातळ करून पुन्हा मोजावा: आकडा वाढला तर पहिला नमुना दाट होता. लागोपाठच्या वाचनांत आकार वाढत गेला तर गुठळ्या होताहेत. घटत गेला तर मोठे कण खाली बसताहेत.

एवढं सांभाळूनही ‘150 नॅनोमीटर’ आलं, तर त्याचा अर्थ 150 नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाइतक्या वेगाने विसरणारा कण, एवढाच घ्यावा. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड असतो. त्याची लांबी-रुंदी पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखं साधन लागतं.