मोठी डिस्क बसवली की गाडी लवकर थांबते?

‘पुढच्या डिस्क मोठ्या बसवा, गाडी निम्म्या अंतरात थांबेल’ हा मेसेज गाडीवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण अर्धा खरा आहे. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची तबकडी, ब्रेक तिलाच पकडतो. ती मोठी असली की ब्रेक चाकाला जास्त जोरात धरतो. पण गाडी शेवटी थांबते ती टायरने रस्ता धरल्यावर, आणि एक टायर रस्त्याला टेकतो जेमतेम तळहाताएवढा.

तपासणं सोपं आहे. रिकामा, कोरडा रस्ता, मागे कोणी नाही, वेग ताशी 40. ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाखाली थरथरलं, खालून करकर आवाज आला, की समजा एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झालं. म्हणजे कंपनीचे ब्रेकच चाक जाम करण्याइतके दमदार आहेत. कमी पडतोय टायर. मग डिस्क वाढवून अंतर कसं घटणार?

मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेत. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर तिची उष्णता बनते. जड डिस्क ती जास्त पचवते. रेस ट्रॅकवर हे लागतंच. आंबेनळी घाट उतरतानाही डिस्कला दाबून धरणारे पॅड तापून ब्रेक ढिले पडू शकतात, पण तिथे दुसरा-तिसरा गिअर टाकला की इंजिनच गाडी रोखून धरतं, फुकटात.

खर्च करायचाच तर आधी चांगले टायर घ्या. नक्षीची खोली झिजून 1.6 मिमीवर यायची वाट पाहू नका. ब्रेक ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं.