मामा तलावांत बेशरम कशी शिरली: पार्श्वभूमी

बेशरम, म्हणजे आयपोमिया कार्निया, मूळची दक्षिण अमेरिकेतली. भारतात ती फुलझाड आणि कुंपण म्हणून आली. फांदी रोवली की जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या धुऱ्यावर ती टिकली. पूर्व विदर्भातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांशी तिचा संबंध आला तो बराच नंतर.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तोवर पाळीची (तलावाच्या मातीच्या बांधाची) डागडुजी, नहर साफ करणं ही कामं गावाकडून करून घेतली जात. निस्ताराचे, म्हणजे गावाने पाणी-चारा वापरण्याचे, हक्क वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या वहिवाटीच्या दप्तरात, नोंदलेले असत. पुढे 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. देखभालीची घडी मोडली. याच काळात पाळीची माती धुपू नये म्हणून बेशरम लावण्याचा निर्णय झाला.

त्या निर्णयावर अजूनही वाद होतो. बाजू घेणारे म्हणतात, लाटांचा मारा ती अडवते, खर्च शून्य, राखण लागत नाही. यातलं लाटांचं म्हणणं खरं आहे. पण जे झाड पाळीवर लावलं, ते पाळीवर थांबणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिची देठं पोकळ असतात, म्हणून तुटलेला तुकडा तरंगत पलीकडच्या काठाला लागतो आणि पेरापेरातून मुळं सोडतो. ती धरते ती दोन-तीन फूट पाण्याची उथळ पट्टी. देवधान (रानटी भात), हायड्रिला, कमळ अशा पाणवनस्पती याच पट्टीत वाढतात आणि मासेही तिथेच अंडी घालतात. झाडीत गाळ अडकतो, काठ उचलला जातो, पाणी मागे सरतं आणि बेशरम आणखी आत उतरते. ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, जाळं टाकायला जागा उरत नाही, गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची, जमीनही जाते. चारा नसला की शेळ्या तिचा पाला खातात. सतत खाल्ल्यास मान थरथरते, मागचे पाय लुळे पडतात आणि जनावर दगावतं. बगळे आणि पाणकावळे या झाडीत बसतात, हे मान्य. पण तेवढ्यासाठी काठ तिच्या हवाली करता येत नाही.

काढण्याचं काम एप्रिल-मे महिन्यांतलं, पाणी उतरलेलं पण माती अजून ओलसर असताना. माती कडक झाली की देठ हातात येतं आणि मूळ खालीच राहतं. नुसतं कापलं तर बुंध्यातून चार फुटवे येतात, म्हणून सब्बलीने (पहारीने) भोवतालची माती सैल करून झुडूप मुळासकट उपटावं लागतं. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. उपटलेला माल पूररेषेच्या वर, कोरड्या मुरमावर टाकायचा. देठ कट्कन मोडेपर्यंत वाळू द्यायचं. ओल्या गाळावर ढीग राहिला तर पहिल्याच पावसात तो हिरवा होतो. पाळीच्या उतारावरची झुडपं काढल्यावर खड्डे त्याच दिवशी मुरूम भरून ठोकून घ्यावेत, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच पाझर लागतो. रिकाम्या उतारावर वाळा किंवा हरळी लावावी, पैसा असेल तर दगडी पिचिंग करावं, म्हणजे उतारावर दगड बसवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये वीतभर फुटवे दिसतात, ते हाताने निघतात. ही फेरी दुसऱ्या वर्षीही चुकवायची नाही.

2017 पासून गाळ उपसण्याच्या सरकारी गाळमुक्त धरण योजनेत तलावांवर जेसीबी उतरले. गाळ घनमीटरवर मोजला जातो, मुळं कोणी मोजत नाही. बकेटने झुडूप फाटतं, तुकडे तळभर पसरतात. जास्त खोल ओरबाडलं तर पाणी धरणारा चिकणमातीचा थरही जातो. याउलट भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजातल्या बायकांनी हाताने बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-भिवापूर पट्ट्यात हेच करायचं तर मजुरीच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या वर्षाच्या फेरीचे दिवस आधीच धरावे लागतील.