शिंडिग : नडगीवरची लाथ की खलाशांचा नाच?

गाणी, नाच, आरडाओरडा आणि घरात मावणार नाहीत इतकी माणसं, अशा दणक्यात चाललेल्या पार्टीला इंग्रजी बोलण्यात 'शिंडिग' म्हणतात. चार जण शांतपणे जेवायला बसले तर तिला कोणी शिंडिग म्हणणार नाही. शब्द अमेरिकेतला, आणि पार्टी या अर्थाने तो १८७१च्या सुमारास आढळू लागतो.

तो आला कुठून? 'शिन' म्हणजे नडगी, 'डिग' म्हणजे ढोसणं. दाटीवाटीत नाचताना एकमेकांच्या नडगीवर बूट बसायचे, म्हणून शिंडिग, असं सांगितलं जातं. हे अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत नडगीवरचा फटका या अर्थाने हा शब्द खरोखरच वापरात होता. पण व्युत्पत्ती शोधताना पहिलं काम असतं ते जुन्या नोंदी चाळण्याचं, आणि तिथे 'शिंडी' हा आणखी जुना शब्द भेटतो. लंडनमध्ये १८११ साली निघालेल्या बोलीभाषेच्या एका कोशात त्याचा अर्थ अगदी थोडक्यात दिला आहे : नाच, खलाशांचा शब्द. पुढे त्याच शब्दाला धांगडधिंगा आणि मग भांडणतंटा असेही अर्थ चिकटले.

शिंडीच्या मागे बहुधा 'शिंटी' आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातला हा हॉकीसारखा खेळ. वाकड्या टोकाच्या काठीला तिथे 'कामान' म्हणतात, आणि ती खांद्याच्या वर नेऊन फिरवायला पूर्ण मुभा असते. आज एका बाजूला १२ खेळाडू असतात. पण १८९३मध्ये संघटना स्थापन होऊन नियम ठरण्यापूर्वी नववर्षाच्या सामन्यात अख्खं गाव मैदानात उतरायचं. तो गलका डोळ्यांसमोर आणला की खेळाचं नाव दंग्याला आणि जल्लोषाला मिळालं असेल हे पटतं.

मला वाटतं, नडगीने मूळ शब्द घडवला नाही, तिने तो फक्त वळवला. अर्थ न लागणारा शब्द कानावर पडला की आपण त्यात ओळखीचे तुकडे शोधतो आणि उच्चारही त्यांच्याकडे झुकवतो. जर्मन अभ्यासक अर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी १८५२मध्ये या प्रक्रियेला 'लोकव्युत्पत्ती' असं नाव दिलं. स्पॅनिश 'कुकाराचा'चं इंग्रजीत 'कॉक्रोच' झालं ते असंच. 'कॉक' म्हणजे कोंबडा, 'रोच' हा एक मासा; झुरळाशी दोघांचाही संबंध नाही, तरी शब्द टिकला.

याचा सर्वांत बोलका नमुना भारतातला आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन! या हुसेन!' ही हाक गोऱ्या सैनिकांनी ऐकली आणि हळूहळू तिचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं, म्हणजे दोन अस्सल इंग्रजी आडनावं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या अँग्लो-इंडियन कोशाला हेच नाव दिलं. त्यात या शब्दाचा अर्थ सांगताना सणाची धामधूम आणि 'तमाशा' हे शब्द येतात, मोहरम त्यानंतर. करबलाच्या शहीदांसाठी छाती पिटून केलेला शोक परक्या कानांना जल्लोष वाटला, याचं वाईट वाटतं. परका शब्द आपल्या उच्चारांच्या साच्यात बसवण्याच्या या सवयीला भाषाशास्त्रात आजही 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' म्हणतात.