कुस्तीशौकीन (मराठवाडा) : मातीकडून गादीकडे

कुस्तीचे फड वर्षानुवर्षे बघत आलेल्या जाणत्या प्रेक्षकाला मराठवाड्यात ‘शौकीन’ म्हणतात. तो स्वतः कधीकाळी तालमीत घुमलेला असतो किंवा नसतोही. यात्रेच्या फडात सकाळीच जागा धरून बसणे, जोड ठरताना मत देणे, डाव ओळखणे आणि कोणत्या साली कोणत्या पैलवानाने कोणाला कोणत्या डावावर पाडले हे सांगता येणे, ही त्याची ओळख. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुस्ती लाल मातीवरून गादीवर, म्हणजे मॅटवर, गेली; चितपटीच्या जागी गुण आले, वेळेची मर्यादा आली, वजनगट आले. या बदलांना जुन्या शौकिनांनी दिलेला प्रतिसाद हा या नोंदीचा विषय आहे. ‘जुन्या माणसांना नवे पटत नाही’ अशी त्याची बोळवण नेहमी केली जाते. ती बरोबर नाही. शौकिनाने काय नाकारले आणि काय सहज स्वीकारले हे नीट पाहिले, तर त्यामागे एक स्पष्ट कसोटी दिसते.

फड आणि डोळा

दंगल, इनाम, वस्ताद, पैलवान, शौकीन हे कुस्तीतले नेहमीचे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखाच्या बोलीत ते इतके मुरले आहेत की कोणाला ते परके वाटत नाहीत. गावच्या जत्रेत देवाची पालखी झाली की दुसऱ्या दिवशी कुस्त्या, हा क्रम ठरलेला. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोडे-उंटांच्या बाजारासाठी जितकी प्रसिद्ध, तितकीच तिथली दंगलही माणसे खेचते. चाळलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून आखाडा भिजवतात. हलगी कडाडते. सुरुवात लहान पोरांच्या नारळा-रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते, मग इनाम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती लागते.

या फडात प्रेक्षक नुसता बघ्या नसतो. जोड लावताना दोन पैलवान समोरासमोर उभे करतात. अंगलट, मान, मांड्या बघून भोवतालची माणसेच ‘जोड बसतो’ किंवा ‘हलका पडतो’ असे सांगतात. तराजू कुठेच नसतो. मग हातात हात, शड्डू, खडाखडी, म्हणजे डाव टाकण्याआधीची हाता-मानेची झटापट. खडाखडी लांबली तरी शौकीन कंटाळत नाही. कोण कोणाचा हात तोलतो, कोणाची मान आधी उतरते, हे तो वाचत असतो. कुस्ती निकाली, म्हणजे फक्त चितपटीवर सुटणारी, असली, तर घड्याळ कोणी बघत नाही.

निकाल एकच : चितपट. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती झाली. ‘आस्मान दाखवले’ हा वाक्प्रचार याच क्षणाचा आहे. पडलेल्याला खरोखरच आभाळ दिसते आणि त्याच्या पाठीला चिकटलेली माती शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसते. पंचाने शिट्टी फुंकायच्या आत फड उठलेला असतो. पंच चुकला, तर सगळा फड एका आवाजात बोलतो आणि पंचाला ऐकावे लागते. निकाल कोणी घोषित करण्याआधी तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, ही गोष्ट जुन्या शौकिनाच्या दृष्टीने कुस्तीच्या गाभ्याची आहे. पुढचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

गादीचे आगमन

गादी मराठवाड्यात एका दिवसात आली नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटशी जुळवून घ्यावे लागले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणले. मोठे व्हायचे तर मॅटवर जावे लागेल, हे तेव्हाच कळून चुकले होते. राज्य पातळीवरची ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाली. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात आणि ती लढत गादीवर होते. मातीचा मान ठेवायचा, पण शेवटचा शब्द गादीचा, अशी ही मांडणी आहे. मातीत जिंकून आलेला पैलवान केसरीच्या लढतीला परक्या घरी का जातो, हा प्रश्न शौकीन आजही विचारतात.

दोन काळांना जोडणारे नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९ साली लातूरला भरलेल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरी झाले. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांसमोर. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नंतर पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पिढी घडवली. २०११ साली ते गेले. लातूर-धाराशिवकडचे शौकीन गादीविषयी कितीही कडवट बोलोत, बिराजदारांचे नाव निघाले की आवाज बदलतो. गादी माणसाला कमअस्सल करते, असे या भागात कोणी सहसा म्हणत नाही, कारण त्यांचा सर्वांत मोठा माणूस दोन्हीकडे जिंकला होता.

तक्रार कशाची

तक्रार दोन थरांची आहे. वरचा थर अंगाचा, म्हणजे खेळण्याच्या पद्धतीचा. मातीत पाय रुततो, घामाला माती लागून पकड बसते, ताकद आणि दम यांना वेळ मिळतो. गादीवर बूट घालून वेगाने पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचे, असते. एकेरी पट, दुहेरी पट यांचे महत्त्व वाढले; खाली बसून तासभर सवारी करत, म्हणजे समोरच्याच्या पाठीवर राहून, घिस्सा किंवा मोळी असे डाव बांधण्याला जागा उरली नाही. ढाक आणि कलाजंग हे फेकण्याचे डाव गादीवरही चालतात आणि जमले तर भरपूर गुण देतात, म्हणून गादीवर कोणी ढाक मारली की जुना माणूस सर्वांत आधी उठून उभा राहतो. ग्रीको-रोमन प्रकाराचे मात्र बहुतेकांना आजही नवल वाटते. कमरेखाली हातच लावायचा नाही, तर पट कुठे गेला, असा त्यांचा सवाल असतो. लातूर जिल्ह्यातील काका पवार यांना याच प्रकारातल्या कामगिरीवर अर्जुन पुरस्कार मिळाल्यानंतर कुतूहल वाढले, पण फडाने तो प्रकार आपला मानला नाही.

खालचा थर निकालाचा आहे आणि खरे दुखणे तिथे आहे. गुणांच्या कुस्तीत विजेता कोण हे फलक सांगतो. लाल की निळा, दोन की चार, बाहेर कोणाचा पाय आधी गेला, हे दूर बसलेल्याला दिसत नाही; दिसले तरी ते गुणांत कसे उतरते हे समजत नाही. ज्याने आयुष्यभर फडात मत दिले, त्याला आता शेजारच्या शाळकरी पोराला विचारावे लागते. हे दुःख साधे नाही.

निकाल डोळ्याला दिसला पाहिजे, या कसोटीचा पुरावा नियमबदलांच्या इतिहासातच आहे. २००५ पासून जागतिक संघटनेने दोन-दोन मिनिटांचे तीन डाव (इथे डाव म्हणजे लढतीचा टप्पा) ठेवले आणि तीनपैकी दोन जिंकणारा विजयी ठरवला. एका डावातले गुण पुढच्या डावात धरत नसत, त्यामुळे एकूण गुण जास्त असूनही पैलवान हरू शके. फ्रीस्टाइलमध्ये डाव कोरा राहिला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळायची. कुस्तीचा निकाल चिठ्ठीवर, ही गोष्ट एकाही जुन्या शौकिनाच्या गळी उतरली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीला मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्याच वर्षी नियम बदलले : तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, सगळ्या गुणांची एकत्र बेरीज, आणि प्रतिस्पर्ध्याला खाली आणण्याला एकाऐवजी दोन गुण. सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परतली. या बदलाला शौकिनांचा विरोध जवळपास झालाच नाही. ज्याने जास्त केले तो जिंकला, एवढे तरी आता डोळ्याला पटत होते.

राहुल आवारे याची गोष्ट याच संदर्भात बघावी. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा हा पैलवान बिराजदार आणि काका पवार यांच्या हाताखाली तयार झाला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाची अंतिम लढत त्याने १५-७ अशी जिंकली आणि २०१९ साली नूर-सुलतान (आजचे अस्ताना) येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. गोल्ड कोस्टच्या त्या अंतिम लढतीत चितपट झाली नव्हती. तरी बीडमध्ये कोणीही ‘पाठ कुठे लागली?’ असे विचारले नाही. आठ गुणांचा फरक दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनही दिसत होता.

वजनगटांबाबत शौकीन तुलनेने मवाळ आहेत. हलक्या पोरावर भारी पैलवान सोडू नये हे फडातल्या जोड लावण्याचेही तत्त्व होतेच. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम फेरीतून बाद झाली, तेव्हा डोळ्याने लावलेल्या जोडीची आठवण अनेकांनी काढली.

पंच, पडदा आणि मोबाइल

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर टांग (पायाने अडवून पाडण्याचा डाव) मारली आणि तिला चार गुण मिळाले. ते चार गुण योग्य होते का, यावर राज्यभर वाद पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे पूर्ण टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. त्यानंतर पंचांशी झालेल्या प्रकाराबद्दल त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातला, पण स्पर्धेत नांदेडकडून उतरलेला, म्हणून या प्रकरणाची चर्चा मराठवाड्यातही भरपूर झाली.

या दुसऱ्या वादाने जुने शौकीन जास्त अस्वस्थ झाले. टांगेला किती गुण, हा नव्या पुस्तकातला प्रश्न. पण पाठ लागली की नाही हे तरी डोळ्यांनी ठरायचे. आता तीच चित्रफीत मोबाइलवर संथ गतीने पुन्हा पुन्हा बघून पारावर दोन तट पडले. मात्र याच मोबाइलने शौकिनाला काही परतही दिले आहे. गुडघे गेलेले, यात्रेला जाऊ न शकणारे म्हातारे नातवाकडून दूरच्या फडांचे थेट प्रक्षेपण लावून घेतात आणि निवेदकाच्या आधी डावाचे नाव सांगतात.

बर्फावरचे साम्य

असाच पेच मराठवाड्यापासून फार दूरच्या एका खेळात, फिगर स्केटिंगमध्ये, पडला. तिथे दीर्घकाळ सर्वोच्च गुण ६.० असे; प्रेक्षकाला तांत्रिक बारकावे कळोत न कळोत, सहा म्हणजे निर्दोष, हे सर्वांना माहीत होते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षणावर दबाव आल्याचा आरोप झाला आणि शेवटी रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर २००४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी पद्धत स्वीकारली, जिच्यात प्रत्येक उडी आणि गिरकीचे मूळ गुण ठरलेले असतात, त्यांत सफाईप्रमाणे वाढ-घट होते आणि सगळ्याची बेरीज होते. पद्धत जास्त तपासण्याजोगी झाली; पण अनेक जुन्या चाहत्यांना आपला ‘सहा’ हरवल्याची खंत राहिली. त्याआधी १९९० नंतर बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याचा भाग स्पर्धेतून गेला, तेव्हा मात्र शोक करणारे थोडेच होते. घरी बसून बघणाऱ्याला त्या आकृत्या कधी धड दिसल्याच नव्हत्या. १९७७ पासून बंदी असलेली उलटी कोलांटउडी २०२४ मध्ये पुन्हा नियमात बसली, तिचे तर बहुतेकांनी स्वागतच केले. डोळ्याला दिसणारे परत आले, की जुना चाहता नव्यालाही हात देतो. निलंग्याचा शौकीन आणि त्या बर्फाचा चाहता एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण त्यांचे दुखणे एकाच जागी आहे.

मुलींची कुस्ती

बदलांपैकी सर्वांत मोठा बदल शौकिनांनी अपेक्षेपेक्षा लवकर पचवला. स्त्रियांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, २०१६ साली साक्षी मलिकने तिथे कांस्यपदक मिळवले आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली. ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. यात्रांच्या फडातही आता मुलींच्या कुस्त्या लागतात. विरोध झाला, काही गावांत अजून आहे, आणि तो लाजेच्या, रूढीच्या नावाने होतो. पण आखाड्याच्या कडेला बसलेल्या जाणत्या माणसाचे लक्ष पोरीच्या पकडीकडे जाते. तिने ढाक मारून पाठ लावली की फेटे उडतात, इनाम वाढवून दिले जाते. ही कुस्ती त्याला पूर्ण दिसते.

सध्याचा फड

पाण्याची टंचाई, तालमींची मोडकळ आणि चांगल्या पोरांचे पुणे-कोल्हापूरला जाणे यांमुळे मराठवाड्यात मातीचा रोजचा सराव कमी झाला आहे. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा गादीवर होतात, त्यामुळे वस्तादही पोराला आधी गादीच शिकवतात. यात्रेचे फड मात्र मातीतच भरतात. तिथे एक मधला मार्ग निघाला आहे : मोठी कुस्ती ठरावीक वेळ निकाली म्हणून लढवायची, तेवढ्यात चितपट झाली नाही तर पुढे गुणांवर सोडवायची. पंच हाताची बोटे वर करून गुण दाखवतो आणि कडेला बसलेले शौकीन ते मोठ्याने मोजतात, म्हणजे मागच्या रांगेलाही कळावे.