रेफरल डॅशबोर्ड

रेफरल डॅशबोर्ड म्हणजे छोट्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात स्पेशालिस्टकडे पाठवलेला पेशंट आत्ता कुठे आहे, त्याचं काय झालं आणि पुढचं काम कोणाकडे आहे हे दोन्हीकडच्या लोकांना एकाच स्क्रीनवर दाखवणारी सोय.

गोव्यात याची गरज जास्तच आहे, कारण काही मोठं निघालं की पेडण्याचा माणूस असो नाहीतर काणकोणचा, चिठ्ठीवर बहुतेक वेळा जीएमसीच, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, लिहिलेलं असतं आणि घरचे फायलींची पिशवी घेऊन तिकडे निघतात. 1842 मधे पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून वाढलेलं हे कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा हॉस्पिटलं (लोक अजून आझिलो आणि हॉस्पिसियोच म्हणतात), खाली सीएचसी, पीएचसी ही सरकारी आरोग्य केंद्रं, शिवाय प्रायव्हेटवाले. प्रत्येकाचं रजिस्टर आपापलं असलं की पिशवीतला एक कागद हरवल्यावर इको परत, रक्त परत, आणि म्हाताऱ्या माणसाची परत एक बस.

स्क्रीनवर मुळात एक टेबलच असतं. एका ओळीत एक पेशंट, कोणी पाठवलं, कशासाठी, अपॉइंटमेंट कधीची, कोणते रिपोर्ट यायचेत. माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना ‘किती दिवस झाले’ हा. समजा वाळपईकडच्या एका बाईला स्तनातल्या गाठीसाठी पाठवलं आणि घरच्या कामात ती गेलीच नाही, तर कागदी चिठ्ठीतून हे कोणालाच कळत नाही, इथे मात्र 14 दिवसांनी तिची ओळ लाल होते आणि नर्स फोन उचलते. तो फोन करणारं माणूस ठरलेलं नसेल तर लाल ओळ नुसती लालच राहते.

हार्ट अटॅकमधे हेच काम मिनिटांवर येतं. ‘स्टेमी गोवा’ या योजनेत गावच्या केंद्रातला ईसीजी ऑनलाइन जातो, लगेच वाचून निदान परत येतं, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग 108 मधून पेशंट पुढे. अशा वेळी ईसीजी कधी काढला, इंजेक्शन कधी दिलं हे बांबोळीच्या टीमला आधीच दिसत असेल तर दारात पोचल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारायला लागत नाहीत. इंजेक्शनसाठी साधारण 30 मिनिटांचं टार्गेट धरतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिलेली असली की उशीर नक्की कुठे झाला ते सापडतं.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची माहिती एकत्र यायला सगळ्यांची भाषा एक लागते, त्यासाठी फायर (FHIR) नावाचं आरोग्याच्या माहितीच्या देवाणघेवाणीचं स्टँडर्ड वापरतात. भारतात 2021 पासून देशभर आलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधे 14 आकडी आभा नंबरला, म्हणजे पेशंटच्या आरोग्य खात्याच्या नंबरला, रेकॉर्ड जोडता येतं, पण ते दुसऱ्या हॉस्पिटलाला बघायला पेशंटची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी, एचआयव्हीचा नाहीतर मानसिक आजाराचा रिपोर्ट गावभर होणं कोणालाच परवडत नाही.

बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचे पेशंटही बांबोळीलाच येतात. त्यांचं राज्य वेगळं, आरोग्य खातं वेगळं, म्हणून ऑपरेशननंतर कोणती गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे हे त्यांच्या गावच्या डॉक्टरांपर्यंत पोचवणारा ‘परत पाठवलं’ हा रकाना पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रातही उघडायला हवा.