पुढचा ‘ईएफ-५’ कुठे? पंचनाम्यावरून ठरणाऱ्या वाऱ्याची पार्श्वभूमी

२० जून २०२५ च्या रात्री अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात एंडरलिन या लहानशा गावाच्या शिवारातून एक टोर्नेडो गेला. तिघे दगावले. पाहणी करणाऱ्यांनी पडझड बघून त्याला आधी ईएफ-३ दर्जा दिला. ‘ईएफ’ ही टोर्नेडोची ताकद सांगणारी शून्य ते पाच अशी मोजपट्टी, पाच म्हणजे सर्वांत जबर. साडेतीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तोच टोर्नेडो ईएफ-५ ठरला. मधल्या काळात हिशेब झाला तो एका मालगाडीचा. तिचे भरलेले डबे रुळांवरून उलटले होते आणि एक रिकामा टँकर-डबा सुमारे १४५ मीटरवर जाऊन पडला होता. तेवढे वजन तेवढ्या लांब टाकायला किती वारा लागेल याचे गणित मांडले, आणि आकडा ताशी ३३८ किलोमीटरच्या वर गेला.

त्या रात्री त्या रुळांवर गाडी नसती, तर वारा तोच असता, पण ईएफ-५ ची नोंद झाली नसती. ‘पुढचा महाभयंकर टोर्नेडो कुठे येणार’ हा प्रश्न गेली काही वर्षे जगभर विचारला जातो आहे. त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर या मालगाडीपासूनच सुरुवात करावी लागते.

आधी शब्दाचा गुंता. आपल्याकडे मे महिन्यात लातूर-नांदेडकडे वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडाले की बातमीत ‘चक्रीवादळ’ येते. ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकते तेही चक्रीवादळ आणि अमेरिकेतला टोर्नेडोही चक्रीवादळच. रानात धुळीची गिरकी उठते ती वावटळ; तिच्या डोक्यावर ढग लागत नाही, तापलेली जमीन पुरते. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरतो, त्याची रुंदी बहुधा शे-दोनशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे. समुद्रावरचे वादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि दिवसच्या दिवस चालते. ‘त्या वादळाचा मार्ग चार दिवस आधी सांगतात, मग याचा का नाही?’ ही विचारणा या एकाच शब्दातून जन्मलेली आहे. म्हणून इथे टोर्नेडोला टोर्नेडोच म्हटले आहे.

अंदाजाचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका निरीक्षकाने टोर्नेडोचे अंदाज द्यायला सुरुवात केली आणि ९६.६ टक्के अंदाज बरोबर आल्याचा दावा केला. २,८०३ अंदाजांपैकी १०० वेळा त्याने ‘येईल’ म्हटले होते, त्यातले २८ खरे ठरले. प्रत्यक्षात आलेले टोर्नेडो ५१. टीकाकारांनी लगेच दाखवून दिले की रोज डोळे मिटून ‘येणार नाही’ म्हटले असते तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते. अंदाजाची पारख कशी करावी यावरची मोठी चर्चा तिथून सुरू झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच बंदी आली. लोक घाबरतील, हे कारण. १९३८ पर्यंत बंदी राहिली, आणि त्यानंतरही बारा वर्षे हात आखडताच होता.

कोंडी फुटली ती १९४८ मध्ये. ओक्लाहोमातल्या एका हवाई तळावर २० मार्चला टोर्नेडोने विमानांची नासधूस केली. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तशीच हवा दिसली, तेव्हा तळावरच्या दोन अधिकाऱ्यांनी इशारा दिला. संध्याकाळी त्याच तळावर टोर्नेडो आला. यात अभ्यास होताच, पण एका ठरावीक जागेपुरता अंदाज इतका तंतोतंत जुळण्यात दैवाचाही हात होता, हे विसरू नये. ‘जागा सांगता येते’ ही अपेक्षा त्या संध्याकाळपासून लोकांच्या मनात बसली.

१९७१ मध्ये फुजिता या शास्त्रज्ञाची शून्य ते पाच अशी मोजपट्टी आली. १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती, ‘एन्हान्स्ड फुजिता’, लागू झाली, म्हणून ‘ईएफ’. सुधारित पट्टीत २८ प्रकारच्या गोष्टी ठरवून दिल्या आहेत: घर, शाळा, गोठा, खांब, झाड. कशाची किती मोडतोड झाली यावरून वाऱ्याचा वेग ठरतो, आणि तो ताशी ३२२ किलोमीटरच्या वर गेला तर ईएफ-५. म्हणजे टोर्नेडोचा वेग बहुतेक वेळा कोणी मोजलेला नसतो. टोर्नेडो गेल्यावर माणसे येतात, बघतात, लिहितात. मराठवाड्यातल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. हा पंचनामाच आहे.

पंचनाम्याची खोट तर आपल्याला तोंडपाठ आहे. जे उभे होते तेच पडल्याची नोंद होते.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाच्या दक्षिणेला मोकळ्या शेतांवरून एक टोर्नेडो गेला. रुंदी ४.२ किलोमीटर, आजवर नोंदलेली सर्वांत जास्त. आठ माणसे गेली, आठही वाहनांमध्ये होती, आणि त्यांत वादळांचा अभ्यास करणारे तिघे अनुभवी लोक होते. योगायोगाने संशोधकांची गाडीवर बसवलेली फिरती रडार जवळ होती. त्यांनी ताशी सुमारे ४७५ किलोमीटरचा वारा मोजला. त्यावरून काही दिवसांत ईएफ-५ जाहीर झाला. ऑगस्टमध्ये निर्णय फिरवला आणि अंतिम दर्जा दिला ईएफ-३. कारण एवढेच, की त्या वाऱ्याच्या तडाख्यात ईएफ-५ सिद्ध करील असे काही उभेच नव्हते.

दोनच वर्षांपूर्वी, २४ मे २०११ रोजी, याच एल रेनो परिसरातून गेलेल्या दुसऱ्या टोर्नेडोला ईएफ-५ देताना फिरत्या रडारच्या मोजणीचा आधार घेतला होता. गाव तेच आणि यंत्रेही त्याच जातीची, तरी न्याय निराळा.

निर्णयाच्या बाजूने जे सांगितले जाते तेही मांडायला हवे. हजारात एखाद्या टोर्नेडोजवळ फिरते रडार असते. ज्याच्याजवळ होते त्याला एक माप आणि बाकीच्यांना दुसरे लावले, तर १९५० पासूनची नोंदवही एकमेकांशी ताडून बघता येणार नाही. शिवाय रडार बहुधा जमिनीपासून अनेक मीटर उंचीवरचा वारा बघते, घराच्या भिंतीला लागणारा नाही. हे मुद्दे खोटे नाहीत. तरीही मोजलेला वारा हाती असताना तो बाजूला ठेवून, न पडलेल्या घरांवरून वारा ठरवणे मला पटलेले नाही. सातत्य राखले गेले हे खरे, पण राखले ते चुकीचेच सातत्य.

याचा परिणाम पुढची बारा वर्षे दिसला. २० मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या मूर शहरात ईएफ-५ आला. २४ जण गेले, त्यांत एका शाळेतली सात मुले होती. त्यानंतर थेट एंडरलिन. याआधीचा सर्वांत लांब खंड १९९९ ते २००७, आठ वर्षांचा होता. एकट्या २०११ मध्ये सहा ईएफ-५ झाले होते, त्यांतले चार एकाच दिवशी, २७ एप्रिलला. आणि मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे रोजी दीडशेहून अधिक माणसे गेली. मग अचानक शांतता कशी?

शांतता वाऱ्यात नव्हती. २०१४ मध्ये अर्कान्सामधल्या व्हिलोनियात घरे पायापासून साफ निघून गेली. पण पाया आणि भिंत जोडणारे बोल्ट नट-वॉशरविना होते, म्हणून घर कच्चे धरले आणि दर्जा ईएफ-४ वर थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये केंटकीतल्या मेफील्डला ताशी ३०६ किलोमीटर, मार्च २०२३ मध्ये मिसिसिपीतल्या रोलिंग फोर्कला ३१४ किलोमीटर. दोन्ही ईएफ-४. उंबरठा ३२२ चा. गरीब वस्तीतले घर पक्के नसते, म्हणून त्याला पाडणारा वाराही कागदावर कमी भरतो. २०२५ मधल्या एका अभ्यासाने दाखवले की या खंडामागे मोजपट्टी लावण्याच्या पद्धतीतला बदल आहे. जुन्या हाताने मोजले असते तर या वर्षांत अनेक टोर्नेडो वरच्या दर्जात गेले असते. त्याआधी, २०२१ मध्ये, फिरत्या रडारच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष आणखी बोलका होता: मोजलेल्या टोर्नेडोंपैकी सुमारे २० टक्के ईएफ-४ किंवा ईएफ-५ चे नुकसान करू शकणारे होते. अधिकृत वहीत हे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे.

आता ‘कुठे’. एंडरलिन धरून १९५० पासून अमेरिकेत पाचव्या दर्जाचे टोर्नेडो ६०. वर्षाला साधारण बाराशे टोर्नेडो होतात, आणि पंचाहत्तर वर्षांत मिळून हे ६०. एवढ्या थोड्या ठिपक्यांवरून पुढचा ठिपका काढणे म्हणजे गावातल्या पाच विहिरींवरून तालुक्याचे पाणी सांगणे. १९९९ आणि २०१३, दोन्ही वेळा मूर शहर सापडले, म्हणून ते शापित मानणारे आहेत. पण त्या पट्ट्यात वादळे जास्त आणि शहर पसरत गेलेले, एवढे कारण पुरेसे आहे. १९७९ नंतरच्या नोंदींत टोर्नेडोला पोषक दिवस मधल्या मैदानी राज्यांत घटताना आणि आग्नेयेकडच्या राज्यांत वाढताना दिसतात, म्हणून अनेकांची नजर मिसिसिपी-अलाबामाकडे होती. ईएफ-५ ची नोंद झाली ती मात्र पार उत्तरेला. सीमेपलीकडे कॅनडातल्या मॅनिटोबात २००७ च्या जूनमध्ये पाचव्या दर्जाचा टोर्नेडो येऊन गेला होता, हे लक्षात घेतले तर तीही जागा इतकी अनपेक्षित वाटत नाही.

अंदाज देणाऱ्यांना प्रत्यक्षात जमते ते असे: काही दिवस आधी राज्याएवढा पट्टा, त्या दिवशी कुठल्याही बिंदूच्या ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडोची शक्यता किती टक्के, आणि रडारवर ढगातली गिरकी दिसली की साधारण दहा मिनिटांच्या आसपासचा इशारा. गावाचे नाव घेऊन ‘इथे ईएफ-५ येईल’ असा अंदाज कुणी देत नाही.

आपल्या उपखंडात ही पट्टी जवळजवळ पोचलेलीच नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज भागात एका टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसे घेतली असा अंदाज आहे. जगातला सर्वांत जास्त बळी घेणारा म्हणून त्याचे नाव घेतात, आणि त्याला दर्जाच नाही. झोपड्यांचा पंचनामा कुठल्या रकान्यात बसवणार? ३१ मार्च २०२४ रोजी उत्तर बंगालमधल्या जलपाईगुडीत काही मिनिटांच्या वादळात माणसे गेली, आणि तेव्हाही आधी वाद झाला तो याला म्हणायचे काय यावर.

मराठवाड्यात अशी घातक जुळणी सहसा होत नाही. बंगालच्या उपसागराजवळचा दमटपणा इथे नाही. पण तापलेली जमीन, अवकाळीचे ढग आणि वरून वाहणारा जोराचा पश्चिमी वारा उन्हाळ्याच्या तोंडाला एकत्र येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना ढगातली ताकद सांगायला नको.

आपल्या वह्यांतही तोच दोष आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. शेजारच्या शिवारात बांध फुटला आणि मापकावर चाळीसच भरले तर कागदावर अतिवृष्टी नाही. पीक ३३ टक्क्यांच्या वर गेले तरच नुकसान. २०१५ च्या आधी ती अट ५० टक्के होती, म्हणजे चाळीस टक्के बुडालेला शेतकरी एका वर्षी ‘नुकसान नाही’ होता आणि पुढच्या वर्षी ‘नुकसानग्रस्त’.

सरळ वाऱ्याने पडलेली झाडे बहुधा एकाच दिशेला झोपतात. फिरत्या वाऱ्याने पडलेली एकमेकांकडे तोंड करून किंवा वेडीवाकडी, खोड पिळवटून पडतात. पाहणी करणारे जगभर हीच खूण आधी शोधतात. आमच्याकडे वाऱ्यानंतर तलाठी येतो तेव्हा पत्रे किती, भिंत किती, जनावर किती हे लिहून घेतो. आंबा कुठल्या दिशेला पडला याला रकाना नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फांद्या सरपणाला गेलेल्या असतात.